पाच फोड

यल्लव्वांच्या हातावर बोटापासून कोपरापर्यंत एका ओळीत पाच फोड आले होते. त्वचारोगाच्या डॉक्टर नीलिमा ते भिंगातून बघत राहिल्या.

"संधिवाताच्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी झाली, की साधी बुरशीही अशी हातभर चढते. पण आत शिरायला तिला काटा टोचलेली जागा लागते. बागकाम करता?"

"कुंडीलासुद्धा हात लावू देत नाही मी," सून शाल्मली म्हणाली. "सकाळी मी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसला निघते तेव्हा आई खुर्चीत असतात. संध्याकाळी येते तेव्हाही खुर्चीतच."

"आणि मधल्या वेळात?" डॉक्टरांनी यल्लव्वांनाच विचारलं.

यल्लव्वांनी सुनेकडे बघायचं टाळलं. "कोपऱ्यावर फूलवाली बसते. तिच्या गुलाबांचे काटे काढते, हार करून देते."

"पण कशाला, आई?"

"तीन वर्षं बोटं मिटत नव्हती. या गोळ्यांनी मिटायला लागली, तर घरात कुणी काही धरूच देईना." त्यांनी हात डॉक्टरांपुढे केला आणि सावकाश मूठ मिटून दाखवली. "फोड राहिले तरी चालतील बाई, गोळ्या तेवढ्या बंद करू नका."