पालथे पत्ते

रामदासपेठेतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या सॉफ्टवेअर कचेरीत सकाळचे ऊन थेट येत नसे. ते आधी समोरच्या इस्पितळाच्या काचांवर पडे, तिथून फिके होऊन रस्ता ओलांडी आणि साडेनऊच्या सुमारास खिडकीच्या गजांतून लांबट टेबलावर उतरे. मग चहाच्या पेल्यांची जुनी वर्तुळे उजळत, खुर्च्यांच्या झिजलेल्या पाठी उजळत आणि शेवटी कामांचा फलक जिथे असे त्या भिंतीवरचे चिकटपट्टीचे ओरखडे. पंकज रोज सर्वांच्या आधी येऊन हे पाहत बसे. वैदेही मॅडम टीम लीड होत्या तेव्हाही ऊन हेच होते. पण गोंगाटात त्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नसे.

आज पंकजचा घसा पार बसला होता.

"बोलू नका सर," काजल म्हणाली. "काम मी वाचते."

काम वाडीच्या एका गोदामाचे. ट्रक भरताना हमालाने मोबाईलवर केलेली मालाची नोंद नेटवर्क नसतानाही टिकली पाहिजे. मालक चंपतरावांना पंकजने शुक्रवारचा शब्द देऊन ठेवला होता.

काजल, भूपेश आणि श्रावण या तिघांनी आपापल्या अंदाजाचे पत्ते पालथे ठेवले. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून मॅडमनीच ते केले होते. प्रत्येकावर कामाला लागणाऱ्या दिवसांचा एकेक आकडा. सगळ्यांनी एकदम उलटायचे, सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा टाकणाऱ्याने आधी बोलायचे, आणि मॅडम सगळ्यांत शेवटी. त्या वादांत चहा निवून जाई. सहा महिन्यांपूर्वी मॅडम बंगळूरला गेल्या, पंकज लीड झाला, आणि तेव्हापासून आकडे नेहमी जुळत आले. त्याने मोठ्या अभिमानाने मॅडमना तसे कळवले होते. "एकदाही भांडण नाही?" एवढेच उत्तर आले.

पत्ते उलटले. दोन. पाच. बारा.

"बारा? पागल झाली का वं?" भूपेश ओरडला.

"तू गेला होता का गा गोदामात कधी?" काजल म्हणाली. "दोन हमाल एकाच ट्रकची नोंद करून राहतात. नेटवर्क आल्यावर कोणाची खरी धरशील?"

"हे तं डोक्यातच नाही आलं."

"मंग डोकं आणत जा ना सोबत!"

कितीतरी दिवसांनी खोलीत हसू फुटले. पंकजही हसला. श्रावणने आपला पाचचा पत्ता हळूच मागे घेतला. "मी बी बाराच म्हणतो. पाच तं म्या सवयीनं टाकले."

पंकजने कागद ओढून लिहिले: सवयीने म्हणजे?

श्रावण पत्ता बोटांत फिरवू लागला. "राग नका मानू, सर. काम सांगतानाच तुम्ही म्हणता, पाचेक दिवसांचं आहे. मंग आम्ही पाचचा पत्ता शोधतो."

भूपेश खाली पाहू लागला.

गेल्या सहा महिन्यांत चंपतरावांच्या कामांच्या हुकलेल्या तीन तारखांची तीन कारणे पंकजला पाठ होती: नेटवर्क, सर्व्हर, भूपेशची सुटी. मग त्याने चंपतरावांचा नंबर लावला, फोन स्पीकरवर करून टेबलाच्या मधोमध ठेवला आणि चार ओळी लिहून कागद काजलपुढे सरकवला.

"काकाजी, नमस्कार. सरांचा घसा बसला, म्हणून मी बोलून राहिली," काजल वाचू लागली. "काम शुक्रवारी होणार नाही. बारा दिवस लागतील."

"काहून? पंकजनं तं शब्द देल्ला होता!"

काजल पुढच्या ओळीपाशी थांबली. फोनवर हात ठेवून तिने हळूच विचारले, "सर, हेही वाचू?"

त्याने होकारार्थी मान हलवली. काजलने हात काढला आणि सरांचे वाक्य जसेच्या तसे वाचले.

"शुक्रवारची तारीख आणि याआधी हुकलेल्या तिन्ही तारखा मी टीमला न विचारता दिल्या होत्या."