न फुटलेले बांध

सई उभी राहिली तेव्हा तिच्या हातातल्या चिठ्ठीवर "सर, आपल्या यशाचे रहस्य काय?" असा प्रश्न होता. तो तिने सकाळीही विचारला होता. उत्तरही ऐकले होते.

मळवलीच्या त्या भाड्याच्या बंगल्यात विद्यापीठाचे संशोधन-संस्कृती शिबिर भरले होते. तरुण संशोधकांनी वरिष्ठांना निर्भयपणे प्रश्न विचारावेत, हा या सुधार-प्रकल्पाचा गाभा. ते प्रत्यक्ष पाहण्यासाठी आज बाहेरून मूल्यमापन समिती आली होती. निर्भयता ऐनवेळी जमत नाही, म्हणून सकाळी तिची तालीम झाली होती. प्रश्न प्रकल्प-व्यवस्थापक चंद्रिकाने लिहून दिले होते. ती मूळची संख्याशास्त्राची. तालमीत एकही उत्तर चुकले नाही, हे तिला शुभलक्षण वाटले नव्हते.

प्रकल्पप्रमुख दिगंबर सरांनाही ते वाटले नव्हते. कारण वेगळे होते.

"मॅडम, प्रश्न फार गोड झालेत," तालमीनंतर ते म्हणाले होते. "समितीला संशय येईल. एखादा तिखट घाला. माझ्याच अंगावर येणारा चालेल. मी सांभाळून घेतो."

चंद्रिकाने मान डोलावली होती. मग प्रोजेक्टर बिघडला, आणि समितीची गाडी लोणावळ्याच्या गर्दीत अडकल्याचा फोन आला.

दिगंबर सरांचे नाव खेकड्यांमुळे झाले होते. मावळातल्या भातखाचरांचे बांध खेकड्यांच्या बिळांमुळे फुटतात, हे त्यांनी फार पूर्वी दाखवून दिले होते. पाठ्यपुस्तकात तसे छापलेही होते. सई त्यांचीच विद्यार्थिनी. तिचा लेख वर्षभर सरांच्या टेबलावर वाचनाची वाट पाहत होता. त्यांच्या होकाराशिवाय तो नियतकालिकाकडे पाठवता येत नव्हता, आणि तो गेल्याशिवाय तिचा प्रबंध पुढे सरकत नव्हता.

सईने चिठ्ठीची घडी घातली.

"सर, तुम्ही फुटलेले बांध तपासलेत. त्यांत खेकड्यांची बिळं सापडली. पण न फुटलेले बांध कुणी तपासले?"



"मी इथल्याच भाजे गावात तपासले," ती म्हणाली. "तिथंही तितकीच बिळं आहेत. बांध फुटण्याशी खेकड्यांचा संबंध दिसत नाही. तो लेख वर्षभर तुमच्याकडे आहे, सर. पाठवू का?"

पुढचा प्रश्न तिच्या शेजारच्या तरुण संशोधकाचा, श्रीयशचा होता. त्याने आपली चिठ्ठी खिशात घातली.

बंगल्याची देखभाल पाहणाऱ्या नंदाबाई स्वयंपाकघराच्या दारातून चंद्रिकाच्या कानाशी वाकल्या. "म्याडम, ह्ये खरं हाय का अजून तालीमच? न्हाई, टाळ्या झाल्यावर च्या आणायचा म्हनला व्हता, म्हनून इचारते."

"थांबा, मावशी," चंद्रिका पुटपुटली. "मलाही अजून कळलेलं नाही."

दिगंबर सर मात्र हसत होते. त्यांनी सावकाश चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. चंद्रिकाने त्यांना इतके प्रसन्न कधी पाहिले नव्हते.

"हा प्रश्न मला कुणीतरी विचारावा, म्हणून मी इतकी वर्षं थांबलो होतो," ते म्हणाले. "विज्ञानात गुरू मोठा नसतो, पुरावा मोठा असतो. खेकडे निर्दोष असतील, तर त्यांची जाहीर माफी मी मागेन. सई, लेख आजच पाठव. आणि एक प्रत समितीलाही दे."

समितीच्या अध्यक्षांना मराठी येत नव्हती. सरांनी तेच सगळे त्यांच्यासाठी इंग्रजीतही सांगितले. अध्यक्षांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. नंदाबाई चहा घेऊन आल्या.

सई चहाला थांबली नाही. लॅपटॉप घेऊन ती व्हरांड्यात जाऊन बसली.

कप घेऊन दिगंबर सर चंद्रिकाजवळ आले आणि त्यांनी आवाज खाली आणला.

"मानलं, मॅडम! तिखट मागितला आणि हजर. तिच्या लेखाचा तपशील घातलात, त्यामुळे काय जिवंत झाला! आणि पोरीनं वठवलाही असा, की क्षणभर मलाच खरा वाटला."

तिखट प्रश्न लिहायचा राहूनच गेला होता. हे सांगण्यासाठी चंद्रिकाने तोंड उघडले. पण सरांचे बोलणे संपले नव्हते.

"लेखाचं काय ते मी सोमवारी तिच्याशी बोलतो. तशी घाई नाही."

चंद्रिकाने व्हरांड्याकडे पाहिले. सई लॅपटॉप मिटून उठत होती. तिने चंद्रिकाकडे पाहून अंगठा उंचावला.

"सर," चंद्रिका म्हणाली, "तुमचं उत्तरही तिला खरं वाटलं. लेख गेला."