कावळा शिवेना

कावळा काही शिवेना.

कळंबजवळ, नीरेच्या काठी, कुंडलिकरावांच्या दहाव्याला पाच-सहाशे माणूस उन्हात ताटकळलं होतं. बाभळीवर चार कावळे बसले होते, पण पिंडाकडं एकही ढुंकून बघेना. मुलानं, दीपकनं, हात जोडून सगळं कबूल केलं. आईला सांभाळीन, बहिणीचं लग्न थाटात करीन, जमीन विकणार नाही. कावळे आपले ढिम्म.

माजी मंत्री आप्पासाहेब सारखे घड्याळ बघत होते. दोनदा मंत्री, मागच्या खेपेला पडलेले. आज साडेअकराच्या मुहूर्तावर इंदापूरला अर्ज भरायचा होता. पण कुंडलिकराव म्हणजे तीस वर्षांचा कार्यकर्ता. कावळा शिवायच्या आत उठावं, तर तालुकाभर बोभाटा! त्यात विरोधातला रविराज शेजारीच मांडी ठोकून बसलेला.

"दर्भाचा कावळा करून उरकू या का?" त्यांनी भटजींना हळूच विचारलं.

"न्हाय," कुंडलिकरावांच्या बायकोनं, प्रयागबाईंनी ऐकून अडवलं. "साहेब, त्यांचा जीव चारीच्या पाण्यात अडकलाय. तुमी सांगा त्यांस्नी."

कालव्याची ही चारी आप्पासाहेबांनीच खणून घेतली होती. तिच्यात थेंब आला नव्हता. पाणी मात्र प्रत्येक सभेत सुटत होतं.

ते उठले. सभेतला आवाज लागला. "कुंडलिकराव, निवडून आलो की सहा महिन्यांत पाणी सोडतो. हा माझा शब्द आहे!"

दोन कावळे उडून गेले. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं.

"तीन महिन्यांत! लेखी देतो!"

तिसराही गेला. उरलेला आणखी वरच्या फांदीवर जाऊन बसला. अकरा वाजत आले होते. आप्पासाहेबांना घाम फुटला. भयंकर राग आला, कावळ्यांचा, मुहूर्ताचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

"न्हाय येणार पानी!" ते ओरडले. "कदीच न्हाय! वरच्या पट्ट्याला दिलं ते. मंत्रिपद टिकवायला मीच सही केली, धा वर्सं झाली!"



कावळा खाली आला, त्यानं पिंडाला चोच मारली, भात उचलला. कुणाचंच तिकडं लक्ष नव्हतं. रविराजच्या माणसांचे मोबाइल आप्पासाहेबांवर रोखलेले होते.

ते मटकन वाळूत बसले. "वहिनी, आज समद्यांना कळलं. संपलं माझं."

प्रयागबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"त्यांस्नी तवाच कळलं हुतं, साहेब. 'एक ना एक दिस साहेब आपल्या तोंडानं खरं सांगतील,' म्हणायचे, आन् पुन्यांदा तुमचीच पोस्टरं चिकटवाया जायचे."