तिसरा आग्रह

अशरफआत्यांनी निघण्यासाठी एका पायात बूट चढवला, आणि त्यांची भावजय मनीजे रिवाजाप्रमाणे म्हणाली, "वन्सं, जेवल्याशिवाय जायचं नाही हं!"

यझ्द शहरात असं म्हणावंच लागतं. यजमानाने तीनदा आग्रह करायचा, पाहुण्याने तीनदा नको म्हणायचं, आणि मग दोघांनीही सुटलो म्हणायचं. आत्या दोनदा नको म्हणाल्या. तिसऱ्यांदा त्यांनी बूट काढला.

"इतकं म्हणतेस तर थांबते बाई. गुडघेही ठणकतायत."

उद्या सकाळी आठला मनीजेची लेक सोगंद हिची मेडिकलची प्रवेश परीक्षा होती. तिसरी खेप, आणि शेवटची. यंदा नंबर लागला नाही तर डॉक्टरकीचं नाव काढायचं नाही, असं बापाने बजावलं होतं. आधीच्या दोन्ही वेळी सगळ्या गोतावळ्याला सांगून झालं होतं, म्हणूनच दृष्ट लागली, असं मनीजेचं ठाम मत. यंदा कोणाला पत्ता नव्हता. पोरगी शिवणक्लासला जाते, एवढंच सांगितलेलं. घरात मात्र वर्षभर टीव्ही बंद, कॅनरी शेजाऱ्यांकडे, आणि बाप हैदर स्वतःच्याच घरात चवड्यांवर चालायचा.

आता तोच स्वयंपाकघरात येऊन कुजबुजला, "तिसऱ्यांदा कशाला बोललीस?"

"दोनदाच बोलले असते तर तुमच्या बहिणीने जन्मभर उगाळलं असतं!"

तिने तांदूळ भिजत घातले. बैठकीत आत्या फोनवर कोणाशी तरी गडगडाटी हसत होत्या. त्यांना हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. इतक्यात सोगंदच्या खोलीचं दार उघडलं. भडकली वाटतं पोरगी, म्हणून मनीजे सुरी हातात घेऊनच बाहेर धावली.

सोगंद आत्यांशेजारी बसून काकडीला मीठ लावत होती. आत्या जावयाची फजिती रंगवून सांगू लागल्या आणि पोरगी खो खो हसली. मनीजेने घड्याळाकडे पाहिलं. पावणेसात.

"सोगंद, बाळा, तुझं ते... शिवण राहिलंय ना?"

हैदर खोकला. आत्यांनी दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिलं.

"काही अडचण आहे का गं? निघते मी."

"छे हो, वन्सं! अडचण कसली?" म्हणत मनीजे त्यांची पर्स शोधू लागली.

सोगंदने आत्यांचा हात घट्ट धरला. तिची बोटं गार पडली होती.

"आत्या, उद्या माझी डॉक्टरकीची परीक्षा आहे," ती म्हणाली. "आज इथेच झोपा ना. तुम्ही गेलात की हे दोघं परत माझ्याकडेच बघत बसतील."