दहावा हिस्सा

मुलुंडच्या गाळ्यात सुगंधा सकाळपासून बोर्ड तपासत होती. बारा व्होल्ट हवेत तिथे ऑसिलोस्कोप जेमतेम सव्वा दाखवत होता. विसाव्या बोर्डाला तिचं डोकं फिरलं. "काका, डोळे गेले का तुमचे? सगळं सोल्डर कच्चं!" म्हातारे सहदेवकाका भिंग लावून एकेक बोर्ड पुन्हा डागत राहिले. संध्याकाळी वैतागून तिने नवाकोरा सेल तपासला, तर दीड व्होल्टांचा दहावा हिस्साच दिसला. हातातल्या प्रोबवरचं, म्हणजे ऑसिलोस्कोपच्या तपासणी-सुईवरचं बटण दहापटीवर होतं. प्रोब दहावा भागच पुढे सोडत होता; ऑसिलोस्कोपला तो दहाने गुणून दाखवायला सांगायचं तीच विसरली होती. पाय ओढत ती काकांपाशी गेली. "बोर्ड चांगलेच होते, काका. चूक माझी." काकांनी भिंग रुमालात गुंडाळलं. "मघाशीच साहेबांका सांगान इलंय, डोळे गेले, काम सोडतंय म्हणून. तू बोललंस, खरां वाटलां गो माका."