ओळखीचं खाकरणं

झाडीतल्या मोकळ्या जागेशी पोचताच वाटाड्यानं घसा खाकरला, आणि मग जीभ चावली.

मागून पत्र्याचा डबा घेऊन येणारा मेहुणा जागीच थांबला. "दाजी, हाकलायला आलोय ना आपण? मग खाकरलात कशाला?"

"सवय," वाटाड्या म्हणाला.

सवय त्याला एकट्याला कुठे होती, साऱ्या वानरांच्या टोळीला होती. सासरा स्वयंपाकघरात शिरण्याआधी खाकरतो ना, तशी ही रीत त्यानंच घालून दिलेली. आधी खाकरायचं, मग वानरांना दिसायचं. पर्यटकांना तो वाटेतच दम भरायचा. खायचं काही बाहेर काढायचं नाही, लांबूनच बघायचं, सर्दी असेल त्यानं इथूनच मागे फिरायचं. वानरांची भीती मोडायला तो कित्येक पावसाळे इथे नुसता बसून राहिला होता. आता माणूस दिसला तरी ती पाला खात बसत, आणि याचा त्याला कोण अभिमान होता.

परवा टोळीचा म्होरक्या हुप्प्या मेलेला सापडला. गोळी समोरून छातीत लागली होती. पळणं सोडा, तो उठलासुद्धा नव्हता. तोंडातला पाला तोंडातच होता.

"शिकाऱ्याला इतकं जवळ येऊ दिलंच कसं त्यानं?" मेहुण्यानं तेव्हा विचारलं होतं.

"खाकरायला काय, कुणालाही येतं," एवढंच वाटाड्या बोलला.

शिकारी पुन्हा येणार हे उघड होतं. उरलेल्या टोळीला जगायचं असेल तर माणसाला भ्यायला हवं होतं, आणि ते आता त्यालाच शिकवावं लागणार होतं. म्हणून आज पर्यटकांना नकार देऊन दोघेच आले होते.

पण खाकरणं ऐकून टोळी खाली उतरलीसुद्धा. पुढे पिल्लं, मागून म्हातारी वानरी. हुप्प्या गेल्यापासून सगळी तिचंच बघून वागत होती.

मेहुण्यानं डबा बडवायला सुरुवात केली. वाटाड्या बेंबीच्या देठापासून ओरडला. पिल्लं घाबरून झाडावर चढली, पण म्हातारी बसल्या जागची हलली नाही. ती हलत नाही म्हटल्यावर पिल्लंही फांदीवर थांबून बघू लागली.

"ती पळाली तरच बाकीची पळतील. दगड मारा, दाजी."

"तू मार."

"मी मारून काय उपयोग? मला कुठे ओळखते ती? तुमचाच बसला पाहिजे."

मेहुणा खरं तेच बोलत होता, आणि त्याचाच वाटाड्याला राग आला. त्यानं दगड उचलला. पहिला मुद्दाम चुकवला. म्हातारीनं तो पडला तिकडे बघितलं, पुन्हा याच्याकडे बघितलं. दुसरा मात्र त्यानं नेम धरून मारला. खांद्यावर बसला. केसांतून रक्त आलं.

"जा ना गं," तो म्हणाला. "पाया पडतो तुझ्या, जा."

म्हातारीनं खांद्याला हात लावला, बोटं हुंगली. मग उठली आणि सरळ त्याच्याकडे चालत आली. मेहुण्याचा डबा थांबला. इतकी जवळ ती आजवर कधी आली नव्हती, त्यानंच येऊ दिली नव्हती. अगदी पायाशी येऊन ती वळली, त्याच्याकडे पाठ करून बसली आणि मान खाली घालून रक्ताळलेला खांदा तिनं त्याच्यापुढे केला. काही लागलं की वानरं आपल्यातल्याच कुणापुढे बसतात, जखम साफ करून घ्यायला, तशी.

तिसरा दगड अजून त्याच्या हातात होता. वर फांदीवरची पिल्लं एकेक करून खाली उतरू लागली.