देवळामागचा धूर

गाव जंगलाबाहेर हलवायच्या संमतिपत्रावर अंगठा द्यायला केशर रेंजरसाहेबांच्या खोलीत आली. अंगठ्याला शाई लागली तेवढ्यात नजर भिंतीवरच्या चित्रावर खिळली. धुक्यात तरंगणारे डोंगर, मधोमध बुद्धाचं एकटंच देऊळ. “दीडशे वर्षांपूर्वीचं चित्र आहे, आजी,” साहेब म्हणाले. “माणसं नाहीत म्हणून किती शांत वाटतंय बघा.” केशर चित्राजवळ सरकली. बघता बघता पायाखालची फरशी ओल्या पाचोळ्यासारखी मऊ झाली. अणशीच्या रानातून परतताना आई सांगायची, गाव दिसलं नाही तर चुलीचा धूर शोधायचा. केशरनं देवळामागच्या झाडीत तसाच धूर शोधला. केसाएवढी करडी रेघ वर चढत होती. “माणसं हाईत की,” ती म्हणाली. “न्हाईतर देवाला दिवा कोण लावंल?” साहेब रेघ शोधत राहिले. कागद कोराच सोडून, पदराला अंगठा पुसत केशर दिवेलागणीच्या आत गावच्या देवळाकडं निघाली.